आठ डिसेंबर दोनदा

नागपूर,
१२ डिसेंबर

चि. मृण्मयी हिस अनेक उत्तम आशीर्वाद.

परवा सकाळी साडेआठच्या सुमारास तुझा फोन आला तेव्हा मी ओट्याशी उभी राहून काटोलहून आलेल्या पेटीतील डागाळलेली संत्री वेगळी काढत होते. तुझ्याकडे तेव्हा आदल्या दिवसाचे, म्हणजे नऊ तारखेचे, दुपारचे चार वाजून गेले होते आणि तू नुकतीच ब्रिजवरची, म्हणजे जहाज हाकण्याच्या खोलीतली, वॉच (पहाऱ्याची पाळी) संपवून खाली केबिनमध्ये आली होतीस. "आई, आठ डिसेंबर आमच्याकडे दोनदा आला आणि दोन्ही वेळा रात्री बारा ते चार मी ब्रिजवरच होते," असे तू मोठ्या उत्साहाने सांगितलेस, आणि त्याच दमात हसत हसत हेही सांगितलेस की गेल्या आठवड्यात सलग पाच तास झोपल्याचे तुला आठवत नाही. मग कोणाच्या तरी वाढदिवसाच्या केकचा विषय निघाला आणि "त्या केकवर ना" एवढे बोलून तू थांबलीस. मला वाटले, फोन बंद पडला. पण श्वास ऐकू येत होता. तू वाक्याच्या मध्यावर झोपी गेली होतीस. एका हातात फोन आणि दुसऱ्या हातात संत्रे धरून मी अकरा मिनिटे तुझा श्वास ऐकत तशीच उभी राहिले. मग तिकडचे इंटरनेट गेले.

हे मी बाबांना सांगितलेले नाही.

पत्र लिहायला बसताना झोपेविषयी एक अक्षरही लिहायचे नाही, असे मी ठरवले आहे. ज्या गोष्टी मी एकतीस वर्षे फळ्यासमोर उभी राहून शिकवल्या, त्या तू आता प्रत्यक्ष ओलांडत आहेस, आणि त्यांच्याविषयी तुझ्याशी बोलायला मला फोनवरची पाच मिनिटे पुरत नाहीत, म्हणून हा कागद घेतला आहे. पाने लिहून झाली की त्यांचे फोटो काढून पाठवीन. तुझ्याकडचे इंटरनेट जागेवर आले की वाच.

शाळेने मोडीत काढलेला आणि मी रिक्षातून मांडीवर धरून घरी आणलेला पृथ्वीगोल अजून तुझ्या टेबलावरच आहे. रशियाच्या जागी त्यावर अजून सोव्हिएत संघ आहे, आणि तू चार वर्षांची असताना नागपूरवर चिकटवलेली माझी लाल टिकलीही तेथेच आहे. तू बुसानहून निघाल्यापासून मी दुसरी टिकली घेतली आहे, आणि रात्री नऊच्या सुमारास, तू कळवलेल्या अक्षांश-रेखांशांवर, ती थोडी थोडी पूर्वेकडे सरकवते. तिचा गोंद आता गेला आहे, म्हणून डिंकाचे बोट लावावे लागते.

पृथ्वी एका तासात पंधरा अंश फिरते, म्हणून पंधरा अंशांमागे घड्याळ एक तास बदलते, हे वाक्य मी किती हजार वेळा उच्चारले असेल! आपली प्रमाणवेळ साडेब्याऐंशी अंश पूर्व रेखांशावरून ठरते आणि नागपूर एकोणऐंशीच्या थोडे पुढे आहे, त्यामुळे आपल्याकडे सूर्य माथ्यावर येतो तो सरासरीने घड्याळातील बारा वाजून गेल्यावर चौदा मिनिटांनी. पाचवीत असताना हे ऐकून तू विचारले होतेस की मग शाळेची घंटा रोज चौदा मिनिटे खोटी वाजते का. मी तेव्हा हसण्यावारी नेले, पण प्रश्न खरा होता. १९०६ साली ही एकच वेळ देशाला लागू झाल्यानंतरही मुंबईकरांनी आपली वेगळी मुंबई वेळ कितीतरी वर्षे सोडली नाही, ती याच चौदा मिनिटांच्या जातीच्या भांडणापायी. त्यांच्याकडे तर फरक जवळजवळ चाळीस मिनिटांचा होता.

या भांडणाचे सर्वांत मोठे उदाहरण चीनमध्ये आहे. इतक्या रुंद देशात १९४९ पासून एकच वेळ चालते, ती बीजिंगची. त्याच्या पश्चिम टोकाला असलेले काशगर हे शहर आपल्या नागपूरच्याही पश्चिमेला, सुमारे शहात्तर अंशांवर आहे. म्हणजे सूर्य आधी आपल्याकडे माथ्यावर यावा आणि मग तिकडे, तरीही तिथले सरकारी घड्याळ आपल्यापेक्षा अडीच तास पुढे असते. दुपारी तीन वाजता तेथे खरी दुपार होते. तेथील पुष्कळ लोक म्हणून सरकारी घड्याळाच्या दोन तास मागे असलेली आपली वेगळी वेळ पाळतात आणि कोणी भेटीची वेळ दिली तर ती कोणत्या घड्याळाची, हे आधी विचारून घेतात. त्याच देशातून वाखानच्या चिंचोळ्या पट्टीने अफगाणिस्तानात पाऊल टाकले की घड्याळ एकदम साडेतीन तास मागे जाते. नेपाळने तर १९८६ पासून गौरीशंकर शिखराच्या रेखांशावरून आपली वेळ धरली आहे आणि ती आपल्यापेक्षा फक्त पंधरा मिनिटे पुढे आहे. वर्गात मी हे गमतीने सांगत असे. आता मला असे वाटते की त्या काशगरच्या माणसांना जे कळले आहे ते तुमच्या जहाजावर कोणाला तरी कळले पाहिजे, कारण भिंतीवरचे घड्याळ काहीही दाखवो, माणसाचे शरीर आपल्याच घड्याळाने चालते आणि त्याला रात्री झोप ही लागतेच.

पाहा, आलेच मी तिथे. क्षमा कर.

तुझ्या दोन आठ तारखांकडे वळते. मॅगेलनच्या मोहिमेची गोष्ट तुला पाठ आहे. १५१९ साली पाच जहाजे स्पेनमधून पश्चिमेकडे निघाली, मॅगेलन वाटेत मारला गेला आणि १५२२ साली एकटे व्हिक्टोरिया जहाज अठरा माणसांना घेऊन परतले. येताना केप व्हर्द बेटांवर ते थांबले तेव्हा त्यांच्या रोजनिशीप्रमाणे बुधवार होता आणि बेटावरची माणसे गुरुवार म्हणत होती. मोहिमेची रोजनिशी लिहिणाऱ्या पिगाफेट्टाने रोज न चुकता नोंद ठेवली होती, तरी एक दिवस गळालेला होता, कारण सूर्याच्या मागे मागे पृथ्वीला पूर्ण वळसा घालताना त्यांनी सूर्योदयच एक कमी पाहिला होता. तुम्ही पूर्वेकडे, म्हणजे सूर्याला सामोरे जात आहात. म्हणून तुम्हाला एक तारीख जास्तीची मिळाली.

आणि जी ओलांडली की तारीख बदलते, ती आंतरराष्ट्रीय वाररेषा तरी कोठे सरळ आहे? १९९५च्या प्रारंभी किरिबाती या देशाने तिला पूर्वेकडे मोठा फुगवटा दिला, कारण त्याची बेटे रेषेच्या दोन्ही बाजूंना विखुरलेली होती आणि एकाच सरकारच्या अर्ध्या कचेऱ्यांत शुक्रवार तर अर्ध्या कचेऱ्यांत शनिवार असे. सामोआने २०११ साली तीस डिसेंबर हा दिवसच वगळला. गुरुवारी रात्री झोपलेली माणसे शनिवारी सकाळी उठली. व्यापार ऑस्ट्रेलिया-न्यूझीलंडशी आणि तारीख अमेरिकेची, हे त्यांना परवडेना. शंभर-सव्वाशे किलोमीटरवरचे अमेरिकन सामोआ मात्र कालच्याच तारखेत राहिले. तू तेव्हा दुसरीत होतीस. ही बातमी मी तुला वाचून दाखवली तेव्हा, तीस डिसेंबरला ज्यांचा वाढदिवस असतो त्या सामोआतील मुलांसाठी तू रडली होतीस आणि तो दिवस त्यांनी कोठे ठेवला आहे, हे सांगितल्याशिवाय जेवायला बसणार नाही म्हणालीस. बाबांनी तुला सांगितले की तो समुद्रात ठेवला आहे आणि मोठी झाल्यावर तू जाऊन आण. बाबा त्या काळी असे बोलत असत.

तर तुला तो मिळाला. पण हिशोबाची सवय सुटत नाही, म्हणून मी कागदावर मांडून पाहिले. बुसानचे घड्याळ आपल्यापेक्षा साडेतीन तास पुढे आणि पनामाचे साडेदहा तास मागे, म्हणजे दोन्हींत चौदा तासांचा फरक. तुम्ही पूर्वेने जात असल्यामुळे एक तारीख दुहेरी धरून चोवीस तास मागे येता, आणि उरलेले दहा तास घड्याळ एकेक करून पुढे ढकलता. जास्तीचा मिळालेला दिवस हा असा उसनवारीचा आहे. तीन-चार आठवड्यांच्या प्रवासात दहा वेळा तुमचा दिवस तेवीस तासांचा होतो आणि तो कमी झालेला तास कोणाच्या वाट्याचा जातो, हे मला कोणी सांगायला नको. कॅप्टनच्या जेवणाचा तर तो नक्कीच नसेल.

मी नियमही वाचले आहेत. चोवीस तासांत किमान दहा तास आणि सात दिवसांत सत्त्याहत्तर तास विश्रांती मिळालीच पाहिजे, ती दोनपेक्षा अधिक तुकड्यांत विभागता येत नाही आणि त्यांतील एक तुकडा सहा तासांचा तरी असावा लागतो, हे आंतरराष्ट्रीय नियमांत लिहिलेले आहे. तुझ्या नोंदवहीत ते तास कसे भरले जातात, हे मी विचारणार नाही. पण वॉच संपवून पहाटे चारला खाली येणाऱ्या कॅडेटला सकाळी आठ वाजता रंगकामाला बोलावले, तर तिने ते सेकंड ऑफिसरच्या कानावर घालावे, त्यात उद्धटपणा नाही, आणि माणूस कितीही शूर असला तरी जागरणाने त्याची नजर आधी जाते व ती गेल्याचे त्यालाच सर्वांत शेवटी कळते. दिवा दिसतो, पण तो कसला दिवा हे डोक्यात उतरायला एक क्षण उशीर होतो, आणि तो एक क्षण…

मी पुन्हा शिकवू लागले. तू मोठी आहेस, परीक्षा देऊन तेथे पोहोचली आहेस, आणि ब्रिजवर तुझ्याबरोबर अनुभवी अधिकारी असतात. रागावू नकोस. बाबांच्या रात्रपाळीच्या त्या पहाटेविषयी मी येथे काही लिहिणार नाही. तू लहान होतीस, पण तुला जेवढे ठाऊक आहे तेवढे पुरे. ते अजूनही गजर लावत नाहीत आणि पहाटे साडेतीनला आपोआप उठून गॅलरीत जाऊन बसतात, एवढेच सांगते. काल मीही त्यांच्या शेजारी जाऊन बसले. आम्ही काही बोललो नाही.

तू सांगितलेस की जहाज इतके डोलते की गादीच्या कडेखाली लाइफजॅकेट खुपसून भिंतीशी दाटून झोपावे लागते. डिसेंबरात तुम्हाला एवढ्या उत्तरेकडून का नेतात, असा प्रश्न मंदा मावशीने विचारला. तिच्या मते नकाशात बुसान ते पनामा अशी पट्टी ठेवून सरळ रेघ मारली की उबदार समुद्रातून जाता येते. मी तिला एक संत्रे दिले, त्यावर स्केचपेनने दोन ठिपके काढले आणि दोऱ्याने त्यांच्यातील सर्वांत जवळची वाट धरायला सांगितली. दोरा आपोआप वर, देठाच्या दिशेने सरकला. मग ते संत्रे सोलून मी साल पाटावर पसरली. आपल्या संत्र्याची साल सैल असते म्हणून अखंड निघते, पण सपाट काही केल्या बसत नाही. कडा फाटतात, नाहीतर मधला भाग फुगून राहतो. नकाशे करणाऱ्यांनी त्या फाटलेल्या जागा ताणून बुजवल्या, म्हणून भिंतीवरच्या नकाशात ग्रीनलंड आफ्रिकेएवढे दिसते. प्रत्यक्षात आफ्रिकेत चौदा ग्रीनलंड मावतात, आणि आपला भारतसुद्धा ग्रीनलंडच्या दीडपट आहे. मावशीने सर्व ऐकून घेतले आणि संत्रे खाऊन टाकले. जाताना मात्र दारात थांबून म्हणाली, "म्हणजे ती अलास्काच्या खालून जाते आहे, एकटी?" मी तिला म्हटले की वीस-बावीस माणसे आहेत. रात्री टिकली सरकवताना त्या निळ्या रंगात मला त्यांपैकी एकही माणूस दिसला नाही.

तुझे मला आश्चर्य वाटते ते यासाठी की आपल्या घराण्यात समुद्राचा कोणाला काही संबंधच नव्हता. मी स्वतः समुद्र पाहिला तो बेचाळिसाव्या वर्षी, आणि तोपर्यंत एकोणीस वर्षे भरती-ओहोटी शिकवून झाली होती. झिरो माइलच्या दगडाजवळ मी दर वर्षी सहल नेत असे. चार घोडे आणि मधला खांब पाहून मुले म्हणत, हा भारताचा मध्य. मी त्यांना शेजारच्या दगडापाशी नेई. १९०७ सालच्या सर्वेक्षणाचा तो उंचीचा दगड आहे, आणि नागपूर समुद्रसपाटीपासून १०२० फूट उंचीवर आहे असे तो सांगतो. समुद्रापासून इतक्या दूरच्या गावात सर्वांत प्रसिद्ध दगड कोणता, तर समुद्र किती खाली आहे हे सांगणारा. तेथून सरळ पृथ्वीच्या मध्यातून सळई घातली तर ती दक्षिण पॅसिफिकमध्ये, ईस्टर बेटापासून हजारेक किलोमीटरवर, भर पाण्यात निघते. म्हणजे नागपूरच्या पायाखालीसुद्धा शेवटी समुद्रच आहे, हे मी वर्गात सांगितले तेव्हा पहिल्या बाकावरून तू वाकून बाकाखाली पाहिले होतेस. सर्व वर्ग हसला. मी हसले नाही; घरी आल्यावर मात्र पोट धरून हसले.

शेजारच्या काकू अजूनही "नागपूरची मुलगी आणि जहाजावर?" असे विचारतात. त्यांना मी बोलिव्हियाचे उदाहरण देते. १८७९ साली सुरू झालेल्या युद्धात त्या देशाचा सारा किनारा चिलीकडे गेला, तरी त्याने आपले नौदल ठेवले आहे. ते टिटिकाका सरोवरात, ३,८०० मीटर उंचीवर सराव करते, आणि दर वर्षी २३ मार्चला तेथे समुद्र दिन पाळतात. काकूंना बोलिव्हिया पटले नाही. मला मात्र त्या लोकांविषयी हल्ली फार आपुलकी वाटते.

आता पनामाचा कालवा. तेथे एक गंमत आहे, ती ब्रिजवर उभी राहून स्वतः पाहा. पॅसिफिकमधून अटलांटिकमध्ये जायचे म्हणजे पूर्वेकडे जायचे, असे कोणालाही वाटेल. पण ती संयोगभूमी आडव्या पडलेल्या एस अक्षरासारखी वळलेली असल्यामुळे तुमचे जहाज वायव्येकडे जाईल आणि अटलांटिकच्या तोंडाशी पोहोचेल तेव्हा निघाले होते त्याच्या पश्चिमेला असेल. सुमारे ऐंशी किलोमीटरच्या त्या वाटेत जहाज समुद्रसपाटीपासून सव्वीस मीटर वर, गाटुन तलावात चढवतात आणि पुन्हा उतरवतात, आणि त्यासाठी पंप लागत नाहीत. तलावाचे गोडे पाणी आपल्या वजनाने खालच्या कोठ्यांत उतरते व जहाज वर उचलले जाते. १९१४ पासून हे असेच चालू आहे. पॅसिफिकच्या बाजूला भरती-ओहोटीत पाच मीटरांहून अधिक फरक पडतो आणि पलीकडे जेमतेम अर्ध्या मीटरचासुद्धा नाही. मी हे रंगीत खडूंनी फळ्यावर काढत असे, निळा आणि पांढरा. तू ते खरे पाहणार आहेस, या विचाराने मला काल रात्री आनंदाने झोप आली नाही, असे मी बाबांना सांगितले. त्यांनी माझ्याकडे पाहिले आणि गॅलरीचे दार लावून घेतले.

दादाने पुण्याहून फोन केला होता. त्याची बदली रद्द झाली. आजीचे गुडघ्याचे काही ऐकू नकोस, ती नाटक करते. काल जिना चढून गच्चीवर पापड उलटे करायला गेली होती. सुंठेचे लाडू संपले असतील तर तसे लिही, उगाच आहेत म्हणू नकोस.

पनामाजवळ पुष्कळ जहाजे नांगर टाकून आपल्या पाळीची वाट पाहत थांबतात, असे वाचले आहे. तुमच्या जहाजालाही एखादा दिवस थांबावे लागले, तर मला फोन करू नकोस. कालव्याचे फोटोही काढू नकोस, ते नंतर होतील. दार लावून घे, पडदा ओढ आणि झोप. मी टिकली तेथेच ठेवीन.

तुझी,
आई

ता. क. — घड्याळ पुन्हा पुढे करण्याची रात्र कोणती, ते आदल्या दिवशी कळवत जा. टेबलावरचे दुसरे घड्याळ मी तुमच्या वेळेवर लावले आहे आणि ते मागे राहिलेले मला आवडत नाही.